भास्करबुवांचे न उरलेले गाणे

आपल्या संगीतातल्या हानीचा विषय निघाला की पहिली हळहळ व्यक्त होते ती द. वि. पलुसकरांसाठी. 1955 साली, वयाच्या अवघ्या 34व्या वर्षी ते गेले. ही हळहळ रास्तच आहे. तरीही, श्रोतेहो, पलुसकर आज ऐकायला मिळतात. ते पुढे कुठवर पोचले असते याचा अदमास त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून बांधता येतो. त्याहून मोठी हानी मला भास्करबुवा बखल्यांच्या बाबतीत झालेली दिसते. 1922 साली बुवा 52व्या वर्षी वारले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही.

या हानीचे मोल बुवांच्या तालमीवरून कळते. बडोद्यात फैज महंमद खाँकडून ग्वाल्हेरची गायकी, पुढे नत्थन खाँकडून आग्र्याची, आणि त्यानंतर अल्लादिया खाँकडून जयपूरची. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपण्याच्या काळात एका मराठी गवयाला हे तिन्ही दरवाजे उघडले. ग्वाल्हेरची मोकळी, सरळ मांडणी, आग्र्याची बोल-लयीची झुंज आणि अल्लादिया खाँची पेचदार तान एका ख्यालात कशी नांदत असेल? एकामागून एक येत असतील, की मिसळून चौथेच काही उभे राहत असेल? पेटीवर बुवांची साथ केलेल्या गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणकाराने त्यांच्याविषयी जीव ओतून लिहिले आहे. पण लेखणी गाण्याचा परिणाम सांगते. स्वर कसा लागला, समेवर कसे आले, हे तिच्या आवाक्यात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, आपली विद्या मौखिक आहे, शिष्य हेच तिचे मुद्रण. मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व हे बुवांचेच शिष्य, 1916च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली बुवांच्याच, आणि दोघांचीही मुद्रणे आहेत. हे सारे खरे. मात्र शिष्य आपल्या गळ्याला आणि स्वभावाला मानवेल तेवढेच उचलतो, आणि तसेच व्हायला हवे. बालगंधर्वांनी ते रंगभूमीवर फुलवले, मास्तरांनी मैफलीबरोबर नाटक आणि चित्रपटाकडेही नेले. त्यांच्या गाण्यातून बुवांची दिशा कळते. तिन्ही घराण्यांचा तोल कळत नाही, कारण तो ज्या तालमींतून आला त्या सगळ्या त्या क्रमाने दुसऱ्या कोणाला मिळाल्या नव्हत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल मावतो कुठे? मावत नाहीच. पण भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले 1902 साली, म्हणजे बुवांच्या हयातीची 20 वर्षे हाताशी होती, आणि अब्दुल करीम खाँनी याच त्रोटक माध्यमात गाऊन ठेवले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन जोशी लहानपणीच गाण्यासाठी घराबाहेर पडले आणि अखेर खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, शिकले. तबकडीने तालमीची जागा घेतली नाही, तिने तालमीचे दार दाखवले. आपली विद्या चोरली जाईल, आवाज बसेल, गाणे चव्हाट्यावर येईल, ही त्या पिढीतल्या अनेकांची भीती मला समजते. तिची किंमत मात्र पुढच्या सगळ्या पिढ्यांना मोजावी लागली.

राहता राहिली शेवटची शंका: तबकडी सापडली आणि आख्यायिका उणी ठरली तर? ठरू दे. आज बुवांच्या बाबतीत आपण फक्त नतमस्तक होऊ शकतो. त्यांच्याशी मतभेद करण्याचा हक्कही आपण गमावला आहे. घराण्याची शिस्त मोडून गाणे मोठे होते की विस्कटते, हा वाद पुढे कुमार गंधर्वांपर्यंत आणि त्यांच्यानंतरही रंगला. बुवांनी त्याचे उत्तर 1922च्या आधीच मैफलींतून देऊन ठेवले होते. ते उत्तर तपासण्याची सोय नसल्यामुळे दोन्ही बाजू त्यांचे नाव आपापल्या सोयीने घेतात, आणि कोणालाच खोडून काढता येत नाही.