घरपोच सेवेतील श्रमिक : कामाचे समाधान आणि कामाचे तास

(नांदगाव खंडेश्वर येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात प्रश्न आला असेल की, सोयाबीनचा भाव, तुरीवरील मर आणि कपाशीवरील बोंडअळी सोडून हा पार्सल वाटणाऱ्या पोरांचा विषय कशासाठी? त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. शेतीत सर्वांना काम नाही, म्हणून दहावी-बारावी झालेला, क्वचित पदवीधर झालेला धाकटा मुलगा पाठीवर मोठी पिशवी लटकवून दुचाकीवर निघतो. नांदगावातून पापळ, मंगरूळ चव्हाळा, धानोरा गुरव, माहुली चोर, शिवणी रसुलापूर अशी गावे पालथी घालतो आणि दिवेलागणीनंतर परततो. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. माल त्या मार्गावरून वेगाने येतो. परंतु तो महामार्गावरून उतरल्यानंतर घराच्या उंबरठ्यापर्यंतचा प्रवास, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हातून, हा पोरगाच करतो.

वस्तू घरपोच करण्याचा व्यवसाय नवा नाही. टपाल खात्याने ते काम दीड शतकाहून अधिक काळ केले आहे. आपल्या गावाचा ४४४७०८ हा पिनकोड आपण रोज लिहितो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे पंडित आणि नाटककार होते. पहिल्या आकड्यावरून विभाग, पहिल्या तिहींवरून छाननीचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींवरून टपाल कार्यालय कळते. परंतु पिनकोड कार्यालयापर्यंतच पोचवतो. त्यापुढे खेड्यात घराला क्रमांक नसतो, गल्लीला नाव नसते, आणि एकाच नावाचे दोन-तीन गृहस्थ हमखास असतात. तेथून पुढे पोस्टमनची ओळखच कामी येते. पार्सलवाल्या पोराकडे ती ओळख पहिले काही महिने नसते, म्हणून तो फोन करतो, आणि फोनवर उत्तर मिळते : ‘वावरात आहो, संध्याकाळी ये.’

हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण त्याच्या लेखी त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. त्याला मोबदला बहुधा नगावर मिळतो, म्हणजे पोचलेल्या नगावर. समजा, नगामागे १५ रुपये आहेत, पिशवीत ५० नग आहेत आणि ४० पोचले. हाती ६०० रुपये आले. दोन लिटर पेट्रोलचे दोनशेहून अधिक गेले, तेही त्याच्याच खिशातून. उरलेले चारशेच्या आतले रुपये अकरा तासांना भागले, तर तासाला ३५ रुपये पडतात, आणि त्यात टायर, ऑइल व फोनचा खर्च धरलेला नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपले आकडे घालून हिशेब करावा. न पोचलेल्या दहा नगांचेही पेट्रोल जळतेच, आणि त्या फेरीला दाम नाही. दिवस लांबतो तो प्रामुख्याने या बिनमोलाच्या फेऱ्यांमुळे. मुलगा आळशी आहे किंवा त्याला नियोजन जमत नाही, असे जे सांगितले जाते, ते मला पटत नाही.

आता समाधानाकडे वळतो. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. समाधान देणारी कारणे आणि असमाधान निर्माण करणारी कारणे ही एकाच मापाची दोन टोके नसून वेगवेगळी असतात. काम, कामातील यश, त्याची झालेली कदर यांतून समाधान येते. नियम, देखरेख, वेतन, कामाची स्थिती यांतून असमाधान येते. हे आपल्या मुलांना तंतोतंत लागू पडते. त्यांच्याशी बोलून पाहा. मोकळा रस्ता, डोक्यावर सतत उभा नसलेला साहेब, औषधाचे पार्सल वेळेवर मिळाल्यावर म्हाताऱ्या माणसाने पुढे केलेले पाणी, हे त्यांना आवडते. काम वाईट आहे असे ते म्हणत नाहीत. त्यांची तक्रार असते ती दर न सांगता बदलण्याची, रोख रकमेत तूट आली की ती कापून घेण्याची, आणि अपघात झाला तर ‘तू आमचा नोकर नाहीस’ असे ऐकावे लागण्याची.

‘नोकर नाहीस’ या दोन शब्दांतच या विषयाची गाठ आहे, आणि तिचा अनुभव आपल्याला पूर्वीचा आहे. खेड्यातील शाखा टपाल कार्यालये ग्रामीण डाकसेवक चालवतात. त्यांचे काम नियमाने अंशवेळ, पाच तासांपर्यंतचे मानले जाते. त्यांनी उपजीविकेचे अन्य साधन ठेवावे, अशी अपेक्षा असते. ते शासकीय पद आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल १९७७ मध्ये न्यायालयाने ते नागरी पद असल्याचा निर्णय दिला. तरीही नियमित कर्मचाऱ्याची वेतनश्रेणी त्यांना लाभली नाही. कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ मध्ये आला. मे २०१८ मध्ये देशभर संप झाला. ६ जून २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भत्तावाढ मंजूर केली आणि डाकसेवकाचा चार तासांचा किमान भत्ता १०,००० रुपये ठरला. अंशवेळ म्हणून नेमणूक आणि पूर्णवेळेची जबाबदारी, ही डाकसेवकाची व्यथा. पार्सलवाल्याची व्यथा तिचीच धाकटी बहीण आहे : नाव ‘स्वतंत्र भागीदार’ असे, आणि बंधन मात्र पूर्ण दिवसाचे.

यावर कायदा काय म्हणतो? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या केंद्रीय कायद्यात प्रथमच तिने केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतका वाटा सामाजिक सुरक्षा निधीत द्यावयाचा आहे. मालवाहतूक सेवाही त्या यादीत आहे. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात असे ७७ लाख कामगार २०२०-२१ मध्ये असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला होता. तेव्हा हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु या तरतुदीत कामाच्या तासांची मर्यादा नाही. विमा आणि निधी ही असमाधानावरील अर्धी मात्रा आहे. थकव्यावर त्याने उतारा पडत नाही. दुसरी अडचण तालुक्याच्या ठिकाणची आहे. महानगरात मुलगा थेट ॲपशी जोडलेला असतो. येथे मध्ये एक स्थानिक केंद्रचालक असतो, बहुधा आपल्यासारखाच गावकरी, ज्याने एक खोली भाड्याने घेऊन सात-आठ मुले कामास ठेवलेली असतात. व्यावसायिक सुरक्षा संहिता सामान्यतः दहा कामगारांपासून लागू होते आणि तिच्यातील कंत्राटी कामगारांची तरतूद पन्नासांपासून. आठ मुलांचे केंद्र या दोन्हींच्या बाहेर राहते. केंद्रचालकालाही नगावरच पैसे मिळत असल्याने त्याला खलनायक ठरवून प्रश्न सुटणार नाही.

नगावर मजुरी आहे म्हणून कायदा हतबल असतो, हे म्हणणेही मला मान्य नाही. विडी कामगार घरी बसून हजारावर मजुरी घेत असे. मालकाचे म्हणणे तेच होते : हा आमचा नोकर नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यालाही कक्षेत घेतले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. जे विडीच्या हजाराला शक्य झाले, ते पार्सलच्या नगाला अशक्य का असावे? परत आलेल्या फेरीचाही किमान दर ठरवता येतो. ॲपमध्ये प्रत्येक क्षणाची नोंद असतेच, मग तासांचा हिशेब नाही असे कोणी म्हणू नये.

सन १८९० हे वर्ष या संदर्भात आठवते. त्या वर्षी १० जूनला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपराही, महादू हवाजी बच्चे यांच्यापासून, त्याच सालापासून सांगितली जाते. डबेवालाही कोणाचा नोकर नाही. तोही ऊन-पावसात घरपोच सेवाच करतो. पण तो आपल्या गटाच्या उत्पन्नाचा वाटेकरी आहे, दर त्याचा गट ठरवतो, रविवारी तो घरी असतो आणि चैत्रात गावच्या जत्रेला सारे मिळून जातात. आपल्या शेजारच्या आर्वीत जन्मलेले दत्तोपंत ठेंगडी उद्योगाचे श्रमिकीकरण करा असे सांगत, त्याचा अर्थ मला या उदाहरणातून अधिक स्पष्ट होतो. नांदगावातील वीस-पंचवीस मुलांनी एकत्र येऊन गावे वाटून घेतली, एकाच गावी चौघांनी चार गाड्या नेण्याऐवजी एकाने साऱ्यांचे नग नेले, तर पेट्रोल आणि तास दोन्ही वाचतील. कंपन्या हे सहजी मान्य करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. एकेकट्याने मागितले तर मुळीच करणार नाहीत.

ग्राहक म्हणून आपल्याला मात्र कोणाच्या मान्यतेची वाट पाहावयाची नाही. वावरात जाताना पैसे घरी ठेवून जाणे, पत्त्यात घराची खूण लिहिणे, ग्रामपंचायतीजवळच्या एखाद्या दुकानदाराने गावाचे नग ठेवून घेणे, यांपैकी काहीच खर्चाचे नाही. मागवलेली वस्तू दारात नाकारणे कमी झाले, तरी कित्येकांचा दिवस तासाभराने आखूड होईल.

कार्यक्रमानंतर बाहेरच्या टेबलावर कार्यकर्त्यांनी ई-श्रम नोंदणीची सोय केली आहे. येथे आलेल्या मुलांनी आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि बँकेचे पासबुक बरोबर ठेवावे. आणि आज जे फेरीवर आहेत, त्यांच्या वडिलांनी त्यांचे नाव व गाव तेवढे लिहून द्यावे. रविवारी पुन्हा टेबल लागेल, सकाळी नग सुटण्याच्या आधी.