दाराशी थबकलेली तक्रार



माझ्या दवाखान्यात येणारा पन्नाशीच्या आसपासचा पुरुष आपली खरी तक्रार बहुधा निघताना सांगतो. आधी पित्त होते, मग पाठ दुखते, मग झोप लागत नाही. औषधांची चिठ्ठी हाती पडते, चपला पायांत जातात, आणि दार अर्धे उघडल्यावर मान वळवून तो म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक विचारायचे होते." पुढे त्याला शब्द सापडत नाही. 'अशक्तपणा' म्हणतो, 'कमजोरी' म्हणतो, क्वचित 'ते पूर्वीसारखे राहिले नाही' एवढेच म्हणतो. पत्नीच्या सहवासात इंद्रियाला ताठरता येत नाही, किंवा येऊनही टिकत नाही, आणि हे नेहमी नव्हे तर अधूनमधून घडते, एवढेच त्याला सांगावयाचे असते.

आजचे भाषण त्या दाराशी थबकलेल्या गृहस्थासाठी आहे. मुले जवळ बसली असतील तर रेडिओचा आवाज थोडा कमी करावा. बंद मात्र करू नये.

आपल्या भाषेला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली देह ठेवीपर्यंत ते चालविले. वाचकांनी विचारलेल्या खाजगी शंकांना छापील उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे यांना दंड झाला. त्या काळी लोक निदान पत्राने विचारीत; आज त्यांची नातवंडे दाराची कडी हातात धरून विचारतात, याला प्रगती म्हणावे की काय, ते मला कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही क्रिया जोराची आहे, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. इंद्रियाच्या आत स्पंजासारख्या पेशीजालाचे दोन लांबट स्तंभ असतात. मनात इच्छा उत्पन्न झाली वा स्पर्श झाला म्हणजे तेथील मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्पांशाने सोडतात. त्याच्या योगाने रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात, रक्त आत भरते, आणि भरलेल्या स्पंजाखाली परतीच्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच राहते. रक्तवाहिन्यांना हा वायू कसा निरोप देतो याच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ताठरता हे सैलावण्याचे फळ आहे, आवळण्याचे नव्हे.

एवढे ध्यानात आले म्हणजे पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. भीती वाटली असता शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन सुटते आणि नेमक्या याच रक्तवाहिन्या आकसतात. वाघ समोर असताना पळावयाचे असते. शृंगार सुचून चालत नाही. निसर्गाची ही योजना शहाणपणाचीच आहे. पण वर्षअखेरच्या हिशेबांनी डोके शिणलेले, मुलीच्या लग्नाच्या खर्चाची काळजी, जेवणापूर्वी घेतलेले दोन पेले, अशा एखाद्या रात्री गडी माघार घेतो. आणि पुढच्या वेळी हाच मनुष्य स्वतःचा परीक्षक होऊन बसतो. 'आज जमेल ना?' हा प्रश्नच त्याचा वाघ होतो. एका रात्रीच्या थकव्याचे सहा महिन्यांचे दुखणे बनते ते असे. या अवस्थेला कोणी 'नपुंसकत्व' म्हणाले म्हणजे मला संताप येतो. त्या शब्दाने रोगी बरा होत नाही, खचतो मात्र.

शिवाय हा गृहस्थ एकटा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे चाळीस ते सत्तर वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ५२ टक्के पुरुषांना ही अडचण कमीअधिक प्रमाणात होती. पूर्ण असमर्थता मात्र सुमारे दहा टक्क्यांनाच होती.

मी प्रथम एक साधी गोष्ट विचारतो: पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते काय? निरोगी पुरुषाला स्वप्नांच्या झोपेत ती रात्रीतून कित्येकदा येते, त्याला कळो वा न कळो. पहाटे असते आणि पत्नीजवळ नसते, तर रक्तवाहिन्या बहुधा शाबूत असून अडचण मनात वा थकव्यात आहे. ही कसोटी अचूक नाही, पण दिशा दाखविते.

पहाटेचीही नाहीशी झाली, अथवा तक्रार तीन महिने टिकून राहिली, तर मात्र मी गंभीर होतो. इंद्रियाकडे जाणारी रोहिणी एक ते दोन मिलिमीटर रुंद, तर हृदयाची सुमारे तीन ते चार. दोहींचे अस्तर एकाच रीतीने बिघडते. साहजिकच अरुंद नळी आधी अडते. हृदयविकाराची कळ येण्यापूर्वी दोन-तीन वर्षे ही तक्रार सुरू झाल्याचे अनेक रुग्णांत आढळले आहे. लाजेपायी जी गोष्ट लपवावयाची, तीच प्रसंगी जीव वाचविणारी सूचना असते. म्हणून रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी. रक्तदाबाची व मनोविकारांची काही औषधेही ही अडचण आणतात. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत.

गोळ्यांविषयी थोडे सांगतो. सिल्डेनाफिल १९९८ मध्ये बाजारात आले आणि पुष्कळांना त्याचा उपयोग होतो. ते नायट्रिक ऑक्साइडचेच काम लांबविते. इच्छा उत्पन्न करीत नाही. पण छातीच्या कळेसाठी जिभेखाली ठेवावयाची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते कदापि घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब प्राणावर बेतेल इतका उतरतो. भिंतींवर आणि स्टेशनाजवळ ज्या 'गुप्त' इलाजांच्या जाहिराती दिसतात, त्या १९५४ च्या कायद्यान्वये निषिद्ध आहेत. कायद्याचे वय पाहता भिंती अधिक स्वच्छ असावयास हव्या होत्या. तसल्या कित्येक 'वनस्पतीच्या' चूर्णांत हेच सिल्डेनाफिल मुकाट्याने मिसळलेले आढळले आहे. नायट्रेट घेणारा मनुष्य झाडपाला समजून ते खातो!

आरंभी ज्याचा उल्लेख केला तशाच एका गृहस्थांच्या रक्तात साखर बरीच वाढलेली निघाली. मधुमेहाची त्यांना वार्ताही नव्हती. दुसऱ्या खेपेस मी त्यांना सपत्नीक बोलावले. बाई बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत बसल्या होत्या. मी आकृती काढून रक्तवाहिन्या समजावून दिल्या, साखरेचा आकडा दाखविला. तेव्हा त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढेच होते? मला वाटले, मी तुम्हांला नकोशी झाले. वर्षभर वाटत होते."

त्या दिवशी ते दोघे निघाले तेव्हा दाराशी कोणी थबकले नाही.