मूत्रपिंडांतील सरवा
(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्वारीची काढणी उरकली, की रानात राहिलेली कणसे वेचण्यास आयाबाया जातात. त्यास सरवा म्हणतात. असाच एक सरवा आपल्या शरीरात अहोरात्र चाललेला असतो. त्याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. मूत्ररूपाने बाहेर पडतो तो दीड-दोन लिटर, बाकीचा रक्तात परततो. अल्ब्युमिन हे रक्तातील मुख्य प्रथिन. वाहिन्यांत पाणी धरून ठेवणे हे त्याचे एक काम. गाळणी ते बहुतांशी अडविते, तरी थोडे निसटतेच. पुढील नलिकेच्या पेशी त्यास मेगॅलिन व क्युबिलिन नामक जणू दोन हातांनी पकडून आत ओढतात आणि त्याचे तुकडे करून अमिनो आम्ले रक्तास परत करतात. म्हणूनच निरोगी माणसाच्या दिवसभराच्या मूत्रात ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन असते.

मधुमेह व रक्तदाब गाळणीस इजा करतात. मग माल इतका सांडतो, की वेचणाऱ्या पेशींस तो आवरत नाही; पुढे त्याही खंगतात. आमच्याच घरातील एका वडीलधाऱ्यांच्या मूत्रास फेस येई, पायांस सूज असे. आम्ही ती प्रवासाची मानली आणि अशक्तपणा समजून डाळ-दूध वाढविले! मधुमेह बारा वर्षांचा. मूत्रातील अल्ब्युमिन मात्र एकदाही तपासले नव्हते. कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरसाल ऊसतोडीस जातात, म्हणून आणखी एक सांगणे अवश्य आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर व निकाराग्वा देशांत ऊस तोडणाऱ्या तरुणांत मूत्रपिंडाचा एक विकार आढळला. कडक उन्हातील कष्ट व शरीरातील पाण्याचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण मानतात. तेथे इजा मुख्यतः नलिकांच्या भागात होते, आणि मूत्रात अल्ब्युमिन फारसे दिसतच नाही. अशा वेळी रक्तातील क्रिएटिनिन पाहावे लागते. अंगदुखीवर रोज गोळ्या आणि पाणी मात्र कमी, ही जोडी तर मूत्रपिंडांस फारच जाचक.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. घरातील मधुमेही व रक्तदाबाच्या माणसांची मूत्र व रक्त यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करवावी. ज्यांस काही विचारावयाचे असेल, त्यांनी भोजनोत्तर आम्हांस मंडपातच भेटावे.