गाडीत पैसा आपला, तर माहितीही आपली



संध्याकाळी पारावर नाहीतर गॅरेजपुढं पोरं जमली की काय बोलतात, ते आपल्या कानावर पडतंच. थारला किती हॉर्सपॉवर, फॉर्च्युनरला किती, कुणी रुंद टायर टाकले, कुणी सायलेन्सर बदलला. गाडीचं स्वप्न बघण्यात वाईट काही नाही. पण तेच स्वप्न घरात येतं, तेव्हा कर्जाच्या कागदावर बऱ्याचदा आपली सही असते आणि हप्ता आपल्या गटाच्या वहीत लिहिला जातो. म्हणून आज आपणही गाडीबद्दल बोलू.

आधी हॉर्सपॉवर समजून घेऊ. सिमेंटचं दीड पोतं, म्हणजे ७५ किलो वजन, एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी ताकद लागते, ती एक हॉर्सपॉवर. लहान पेट्रोल कारचं इंजिन साधारण ६० ते ६५ हॉर्सपॉवरचं असतं. आपल्या शिवारातला ट्रॅक्टर बहुतेक ४० ते ५० चा. मग उसाची ट्रॉली ट्रॅक्टरच का ओढतो? कारण त्याचे गिअर चाकाचा वेग खूप कमी करतात, आणि वेग कमी झाला की चाकाचा जोर वाढतो. या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. घाटात गाडी पहिल्या गिअरवर टाकतात ती याचसाठी. तेव्हा दुधासाठी किंवा भाजीसाठी टेम्पो घेताना नुसता हॉर्सपॉवरचा आकडा विचारू नका. किती वजन नेता येतं, चढाला कशी चालते आणि भरलेली असताना लिटरला किती जाते, हेही विचारा.

बायकांना गाडीतलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर त्याला बर्था बेंझची गोष्ट सांगा. ही जर्मनीतली बाई. तिनं आपल्या हुंड्याचा पैसा लग्नाआधीच होणाऱ्या नवऱ्याच्या, कार्ल बेंझच्या, कारखान्यात घातला होता. त्यानं पेट्रोल इंजिनवर चालणारी तीनचाकी मोटार बनवली, पण घ्यायला कुणी पुढं येईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्थानं दोन मुलांना सोबत घेतलं आणि नवऱ्याला न सांगता मोटार बाहेर काढली. मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, शंभरावर किलोमीटर. इंजिन तीन हॉर्सपॉवरचंसुद्धा नव्हतं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर तिनं चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं सुचवलं.

बघा, गाडीत बदल तिनंही केले. पण प्रत्येक बदल गरजेपोटी होता. सायलेन्सर काढून आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं होत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तसं केलं तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट बसवता येतं, पण ते मंजूर असावं लागतं आणि त्याची नोंद आरसीवर करावी लागते. विमा कंपनीला न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर भरपाई अडकू शकते. गाडी उभी राहते, हप्ता मात्र चालूच राहतो.

तर पुढच्या बैठकीला एवढं करा. ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी आरसी आणि विम्याचा कागद घेऊन या. गाडी कुणाच्या नावावर आहे, विमा कधी संपतो, वजन किती नेता येतं, हे सगळ्याजणी मिळून वाचू. आणि जिला नवी गाडी घ्यायची आहे, तिनं सही करायच्या आधी एकदा स्वतः गाडीत बसून, चढावरून चक्कर मारून यावं.