पाटीचा गाभा

दारावरची सागवानी पाटी निवडताना आपण वरचं लाकूड पाहतो. पण ती पाटी बहुधा अखंड सागाची नसतेच. वर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा, असतो. अक्षरं कोरणाऱ्या राऊटर यंत्राचं पातं दोन-तीन मिलिमीटर आत गेलं, की त्यात दिसतो तो खालचा गाभा.

गाभा साध्या प्लायवूडचा असेल, तर कोरलेल्या कडेला थरांचे पट्टे दिसतात, मध्येच एखादी पोकळी निघते आणि ‘क्ष’ची बारीक गाठ तुटून हातात येते. लाकडी पट्ट्या जोडून केलेल्या ब्लॉकबोर्डात तर पट्ट्यांमधल्या फटी! लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एमडीएफला मात्र रेषाच नसतात. कुठल्याही दिशेने कोरा, कड स्वच्छ येते. फक्त कोरलेला भाग रंगाआधी सीलरने बंद करावा, नाहीतर तिथले तंतू रंग पीत राहतात. घरातल्या पाटीला माझी पसंती एमडीएफलाच.

पण पाणी त्याला सोसत नाही. कोकणातल्या पावसात, उघड्या फाटकावर, साधा एमडीएफ फुगणारच. तिथे आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा आणि अक्षरं कोरण्याऐवजी वेगळी कापून वर बसवावीत. किंवा सरळ अखंड साग; मग व्हिनिअरची भानगडच नको.

आणखी एक. व्हिनिअर एकाच बाजूला चिकटवलं, तर पाटी वाकते. मागेही तेवढ्याच जाडीचं, हलक्या प्रतीचं का होईना, व्हिनिअर लावायला सुताराला आधीच सांगा. मागची बाजू दिसत नाही म्हणून तेच हमखास टाळलं जातं.