जुन्या ट्रकला नवें एंजिन

डेन्व्हर शहर मागें टाकून पश्चिमेकडे निघालेला हमरस्ता रॉकी पर्वतांत शिरतो आणि चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशीं समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून अधिक उंची गांठतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यांतील हा बोगदा १९७३ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्याच्या अलीकडे चढ शेंकडा सहा-सातपर्यंत आहे. म्हणजे शंभर फूट पुढें गेलें कीं सहा-सात फूट वर. उन्हाळ्याच्या सुटींत या चढावर एक देखावा हमखास दिसतो. उजव्या कडेनें एखादा जुना ट्रक पाठीमागचा ट्रेलर ओढीत कण्हत-कुंथत चाललेला असतो, त्याच्या मागें मोटारींची रांग लागलेली असते, आणि चालकाची नजर रस्त्यापेक्षां उष्णतामापकाच्या कांट्यावरच अधिक खिळलेली असते. ज्या श्रोत्यांचे आप्त तिकडे स्थायिक झाले आहेत, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं तो पाहिलाहि असेल.

तिकडे ट्रक म्हणजे आपल्याकडील मालवाहू लॉरी नव्हे. पुढें दोघां-तिघांची बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा असलेली ती घरगुती गाडी असते. तिला पिकअप म्हणतात. शेतकरी, सुतार, घोडे पाळणारे हौशी लोक अशी गाडी वर्षानुवर्षें बाळगतात. गाडीचा सांगाडा चाळीस-चाळीस वर्षें टिकतो. एंजिन मात्र तितकें टिकत नाहीं. तेव्हां गाडी ठेवून एंजिन बदलण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि या प्रश्नाच्या उत्तरांत पुष्कळांचे पैसे व कधीं कधीं जीवहि धोक्यांत येतात.

उदाहरणासाठीं एक गृहस्थ कल्पूं. त्यांच्यापाशीं १९७७ सालचा, पाऊण टनी जातीचा शेव्हरोले ट्रक आहे. त्यांत ५.७ लिटरचें, आठ सिलिंडरांचें पेट्रोल एंजिन आहे. मागच्या ट्रेलरमध्यें दोन घोडे. गाडी, ट्रेलर, घोडे, माणसें आणि चारा मिळून वजन १०,००० पौंड, म्हणजे सुमारें ४,५०० किलो. वर्षांतून पांच-सहा वेळां त्यांना हा पर्वत ओलांडावा लागतो.

एंजिन दमलें अशी तक्रार घेऊन मालक आला म्हणजे चांगला मिस्त्री प्रथम पाना उचलीत नाहीं. तो दाबमापक हातीं घेतो. एकेका सिलिंडरचा प्लग काढून तेथें मापक बसवितो आणि एंजिन नुसतें फिरवून आंतला दाब पाहतो. सातांचा दाब सारखा आणि एकाचा फारच कमी निघाला, तर त्या सिलिंडरांत तो थोडें तेल सोडतो. तेलानें दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न वाढला तर बहुधा झडपा गळतात. आणि आठहि सिलिंडरांचा दाब चांगला व सारखा निघाला, तर दोष एंजिनाच्या पोटांत नसून ठिणगीच्या वेळेंत, पेट्रोलच्या पंपांत किंवा तुंबलेल्या धूरनळींत असण्याचा संभव अधिक. ही अर्ध्या दिवसाची परीक्षा न करतां नव्या एंजिनाचे पैसे मोजणारे लोक थोडेथोडके नाहींत.

या गृहस्थांचें एंजिन खरोखरच झिजलें आहे असें धरूं. आतां त्यांना हवी किती शक्ति? हा हिशेब शाळेंतला आहे. १०,००० पौंडांचें ओझें शेंकडा सहाच्या चढावर ६०० पौंडांच्या जोरानें मागें खेंचतें. ताशीं ४५ मैल म्हणजे मिनिटाला ३,९६० फूट. दर मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ति. तेव्हां गुणाकार-भागाकार करून उत्तर येतें ७२. ही केवळ चढण्याची किंमत झाली. वाऱ्याचा विरोध आणि चाकांचें घर्षण यांसाठीं आणखी तीस-चाळीस लागतात, आणि गिअरपेटींतून व मागील आंसांतून जातांना कांहीं शक्ति वाटेंतच नष्ट होते. म्हणजे एंजिनानें सव्वाशेच्या घरांत अश्वशक्ति दिली पाहिजे.

मूळ एंजिन तर नवें असतांना १६५ अश्वशक्तीचें होतें. मग अडलें कोठें? दोन ठिकाणीं अडलें. पहिलें असें कीं, १६५ हा आंकडा मिनिटाला ३,८०० फेऱ्यांच्या वेगाचा. या ट्रकच्या मागील आंसाचें प्रमाण ४.१० आणि चाकाचा व्यास ३० इंच धरला, तर ताशीं ४५ मैलांवर दुसऱ्या गिअरमध्यें एंजिन सुमारें ३,००० फेरे करतें, आणि तेथें त्याची शक्ति १४५ च्या आसपास असते. दुसरी अडचण हवेची. दर हजार फुटांमागें साध्या एंजिनाची शक्ति शेंकडा तीनच्या सुमारानें घटते. ११,००० फुटांवर तिसरा हिस्सा गेला आणि हातीं शंभरहि उरली नाहीं. हवाच विरळ, तर पेट्रोल जळावें कशावर? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येणार कोठून!

येथें जाहिरातींतल्या आंकड्यांविषयीं एक इशारा द्यावयास हवा. अमेरिकन कारखाने १९७१-७२ पर्यंत पंखा, धूरनळी वगैरे लवाजमा न लावतां उघड्या एंजिनाची शक्ति मोजून छापीत. १९७२ पासून गाडींत बसविलेल्या स्थितींतील शक्ति सांगूं लागले. त्यामुळें तेंच एंजिन एका वर्षांत कागदावर दुबळें झालें. जुना मोठा आंकडा आणि नवा लहान आंकडा शेजारीं ठेवून तुलना करणारा मनुष्य फसतोच. शिवाय ओढण्याच्या कामाला सर्वांत मोठ्या शक्तीचा आंकडा फारसा उपयोगी नाहीं; चढावर ज्या वेगानें एंजिन फिरणार त्या वेगाला किती पीळ, म्हणजे टॉर्क, मिळतो तें पाहावें. शर्यतीसाठीं बनविलेला कॅमशाफ्ट घालून ४०० अश्वशक्तीची शेखी मिरविणारें एंजिन २,००० फेऱ्यांवर कधीं कधीं मूळच्या एंजिनाहूनहि मरगळलेलें असतें.

आतां मोह डिझेलचा. आपल्याकडेहि जुन्या पेट्रोल जीपमध्यें डिझेल एंजिन बसविण्याची पद्धत एके काळीं सर्रास होती. तेव्हां हा मोह परका नाहीं. अमेरिकेंत यासाठीं विशेष नांवाजलेलें एंजिन म्हणजे १९८९ पासून डॉज ट्रकमध्यें आलेलें कमिन्स कंपनीचें ५.९ लिटरचें, सहा सिलिंडरांचें. शक्ति अवघी १६०. परंतु १,७०० फेऱ्यांच्या आसपास ४०० पौंड-फुटांचा पीळ. त्याला टर्बो असल्यामुळें विरळ हवाहि तें दाबून आंत घेतें, आणि उंचीवर त्याची शक्ति फारशी घटत नाहीं. वरचा चढ तें बहुधा वरच्या गिअरमध्येंच, सहज चढेल. त्याचा गुण नाकारण्याचें कारण नाहीं.

परंतु त्याचें वजन सुमारें १,१०० पौंड; मूळ एंजिनाचें ५७५ च्या आसपास. म्हणजे पुढच्या स्प्रिंगांवर पांचशे पौंडांहून अधिक भार वाढला. नाकापेक्षां मोतीं जड होतें तें असें. तें गिअरपेटीला सरळ जुळत नाहीं. मध्यें जोडपट्टी घालावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे तें २,५०० फेऱ्यांच्या पुढें कामाचें नाहीं, आणि याच ट्रकच्या आंसावर २,५०० फेरे म्हणजे ताशीं ५५ मैलांच्याहि किंचित् खालीं. सपाट रस्त्यावर ज्या गाडीला ६५ नें जावयाचें, ती तेथेंच अडकली. मग आंसाचीं दांतेचक्रें बदला, नाहींतर गिअरपेटी बदला. एका एंजिनामागून निम्मी गाडी बदलत जाते.

डिझेल म्हटलें कीं मजबूत, ही समजूतहि तपासून घ्यावी. ओल्ड्समोबिलचें ५.७ लिटरचें डिझेल एंजिन १९७८ मध्यें निघालें आणि कांहीं काळ शेव्हरोलेच्या ट्रकांतहि घालण्यांत आलें. त्याचा ब्लॉक जाड केला होता. पण डिझेलच्या प्रचंड दाबाला सिलिंडरचें झांकण धरून ठेवणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल एंजिनासारखीच राहिली. इंधनांतलें पाणी वेगळें काढणारी गाळणीहि दिली नव्हती. बोल्ट ताणले गेले, गॅस्केट फुटलें, पंप गंजले. १९८५ मध्यें तें बंद पडलें, आणि कित्येक मालकांनीं त्या जागीं मुकाट्यानें पेट्रोल एंजिन बसवून घेतलें. १९८२ मध्यें आलेलें ६.२ लिटरचें डिझेल पुष्कळ बरें होतें व शेव्हरोलेच्या गिअरपेटीला तें जुळतेंहि. पण त्याला टर्बो नव्हता आणि शक्ति १३० च्या सुमारास. आपल्या गृहस्थांच्या घाटांत तें कामाचें नाहीं.

उरलें तें त्याच घराण्यांतलें पेट्रोल एंजिन. १९९६ ते २००० या काळांतल्या शेव्हरोले ट्रकांत ५.७ लिटरचेंच, पण झडपांचा भाग सुधारलेलें एंजिन येत असे. त्याची शक्ति २५५ आणि पीळ २,८०० फेऱ्यांवर ३३० पौंड-फूट. ३,००० फेऱ्यांवर सुमारें १८५ अश्वशक्ति, आणि बोगद्याच्या उंचीवर तिसरा हिस्सा वजा जातां सव्वाशेच्या जवळ. म्हणजे वरच्या हिशेबांत जेवढी हवी जवळजवळ तेवढी. एंजिनाच्या बैठकी त्याच, गिअरपेटी तीच, वजनहि जवळजवळ तेंच. दोन-तीन गोष्टी मात्र पाहाव्या लागतात. १९८६ पासून क्रँकशाफ्टच्या मागील तेलसीलची रचना बदलली आणि फ्लायव्हील बसविण्याच्या बोल्टांचा घेर लहान झाला. जुनी तबकडी त्याला बसत नाहीं. तसेंच पेट्रोलची यंत्रणा मूळचीच, इलेक्ट्रॉनिक, ठेवावयाची कीं जुना कार्ब्युरेटर चढवावयाचा हें ठरवावें लागतें. पहिलीला तारांचें जंजाळ व अधिक दाबाचा पंप लागतो; पण उंचीप्रमाणें पेट्रोलचें प्रमाण ती आपण होऊन बदलते. कार्ब्युरेटर डोंगरांत गेला कीं जादा पेट्रोल ओतूं लागतो. ज्याचा ट्रेलर याच्या दुप्पट जड आहे त्यानें ७.४ लिटरच्या मोठ्या एंजिनाचा विचार करावा. कारखाना स्वतःच तें या ट्रकांत घालून देत असे. आपल्या गृहस्थांना मात्र त्याची पेट्रोलची तहान वर्षभर सोसण्याचें कारण दिसत नाहीं.

ट्रक याहून जुना, १९७१ च्या आधींचा असता, तर जुनेंच एंजिन दुरुस्त करवितांना आणखी एक काळजी घ्यावी लागली असती. त्या काळीं पेट्रोलमध्यें शिसें असे, आणि झडपांच्या बैठकींना त्याचा लेप मिळे. १९९६ पासून अमेरिकेंत रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचें पेट्रोल बंद झालें. भार ओढणाऱ्या एंजिनांत मऊ बैठकी भराभर झिजतात. म्हणून तेथें कठीण पोलादाचीं कडीं बसवून घेतात. कायद्याचीहि चौकशी आधीं करावी. कॅलिफोर्नियांत १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी नाहीं. १९७६ पासूनच्या गाड्यांना आहे, आणि बदललेलें एंजिन गाडीच्याच सालचें किंवा त्यानंतरचें असावें लागतें.

अधिक शक्ति म्हणजे अधिक उष्णता. तेव्हां त्याच खर्चांत मोठा रेडिएटर आणि गिअरपेटीच्या तेलासाठीं निराळा कूलर बसवून घ्यावा. हीं दोन कामें पुढल्या वर्षावर ढकललीं तर नवें एंजिन पहिल्याच उन्हाळ्यांत तापतें.

आणि घाट चढला कीं उतरावा लागतो. पेट्रोल एंजिनाचा थ्रॉटल मिटला कीं तें हवा ओढण्यासाठीं धडपडतें आणि गाडीला मागें धरतें. १९८९ च्या त्या डिझेलला थ्रॉटलच नाहीं. धूरनळींत निराळा ब्रेक न बसविला तर उतारावर तें मालकाला जवळजवळ वाऱ्यावर सोडतें. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कारखान्यानें छापलेली वजनाची मर्यादा तर कोणत्याहि एंजिनानें वाढत नाहीं. ती सांगाड्याची, आंसांची आणि ब्रेकांची आहे. म्हणून जाणता मालक नवें एंजिन बसल्यावर प्रथम ट्रेलरच्या चाकांचे विजेचे ब्रेक तपासून घेतो. मग घोडे न चढवितां, तितक्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या भरून, एके दिवशीं पहाटे रस्ता मोकळा असतां बोगद्यापर्यंत जाऊन येतो. उतरतांना दुसऱ्या गिअरमध्यें गाडी धरून ठेवतो, आणि पायथ्याशीं थांबून एकेका चाकाच्या तुंब्याजवळ हात नेऊन कोणतें अधिक तापलें आहे तें पाहतो.