बिदरीचा काळा रंग

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील गुलमंडी ही जुन्या शहराची गजबजलेली बाजारपेठ. या शहराच्या बाजारांत हिमरूच्या जोडीनें बिदरी भांडीं गिऱ्हाइकाचें लक्ष वेधून घेतात. त्यांचें मूळ गांव बीदर. दोन्ही शहरें १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं. काळ्याभोर अंगावर रुपेरी वेल मिरविणारी बिदरी सुरई म्हणजे पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडाच होय.

शाळेंत मुलांना सांगतात कीं, जो फेरफार उलटवितां येतो तो भौतिक आणि जो येत नाहीं तो रासायनिक. ही खूण सोयीची खरी. पण ती कितपत भरंवशाची, हें बिदरीचा कारागीर न बोलतां दाखवून देतो.

प्रथम जस्त व तांबें यांचा रस करितात. सोळा भाग जस्तास एक भाग तांबें, असें प्रमाण परंपरेनें सांगतात. नुसतें जस्त सुमारें ४१९ अंश सेंटिग्रेडला वितळतें. रस साच्यांत ओतला म्हणजे थिजतो. हें वितळणें व थिजणें भौतिक होय.

मग भांडें कानशीनें साफ करून त्यावर मोरचुदाचें पाणी फिरवितात. पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो व त्यावर रेखलेली नक्षी स्पष्ट दिसते. येथें जस्त मोरचुदांतील तांब्यास हुसकावून त्याची जागा घेतें आणि मोकळें झालेलें तांबें बारीक कणांच्या रूपानें भांड्यावर बसतें. हा थर घासतांच निघून जातो, तरी फेरफार रासायनिकच. उलट, छिन्नीनें उडविलेला कण पुन्हां जागेवर बसत नाहीं, तरी कोरणें हा फेरफार भौतिकच. कोरलेल्या खोबणींत चांदीची तार ठोकून बसवितात, तेंही तसेंच.

शेवटीं बीदरच्या किल्ल्यांतील जुनी माती व नवसागर पाण्यांत कालवून तो लेप किंचित् तापविलेल्या भांड्यास लावितात. पाहतां पाहतां धातूचा पृष्ठभाग काळा पडतो; चांदी मात्र जशीच्या तशी पांढरी राहते. लेप एकच, ऊबही एकच. परंतु एका धातूवर क्रिया घडते, दुसऱ्यावर नाहीं. मिश्रणांत तांबें अल्प असलें तरी हा गडद रंग त्याच्याच योगानें येतो; निव्वळ जस्तावर तो असा चढत नाहीं. वर चोळलेल्या तेलानें झळाळी वाढते, पण नवा पदार्थ त्यांत कोणताहि बनत नाहीं.

तेव्हां ‘पूर्वीसारखें करितां येईल काय?’ असें न विचारतां ‘नवा पदार्थ निर्माण झाला काय?’ असें मुलांनीं विचारावें.

हें ज्ञान स्वयंपाकघरांतही उपयोगीं पडतें. चिंचेच्या आम्लानें पितळेचें भांडें लख्ख होतें, म्हणून घरांतील जुनें बिदरी पानदान कोणी चिंच व राख लावून घासलें, तर कारागिरानें मेहनतीनें चढविलेला रंगच झिजून जाईल. त्यास मऊ फडकें व तेलाचा हात पुरे. पितळेवरील काळा थर हा मळ; बिदरीवर तोच शृंगार आहे.